ताईंच्या पॅसेजमधला दिवा

मोठ्या जाऊबाईंच्या पॅसेजमधला दिवा माणसाची चाहूल लागली की आपोआप लागतो, हालचाल थांबली की विझतो. ऑफिस सुटल्यावर मी पिल्लाला घ्यायला जाते, तेव्हा स्वारी त्या दिव्याखालीच बसलेली असते. दिवा विझेपर्यंत गप्प. विझला की हात हलवतो, दिवा लागतो, ताई स्वयंपाकघरातून ओरडतात, "कोण रे तिकडे?" आणि हा खदखदून हसतो. माझ्याकडे बघून असं हसलेला मला आठवत नाही. ‘काकू’ म्हणतो. ‘आई’ अजून म्हणत नाही.

"चहा घे गं. खेळू दे त्याला जरा."

"नको ताई, उशीर होतो."

त्या दिवशीही तो माझ्या खांद्यावरून मागे हात पसरून रडत होता. जिन्यात शेजारीण अशी बघत राहिली, की जणू मी परक्याचं मूल पळवून नेतेय.

"आपल्याकडेही सेन्सर बसव," घरी आल्या आल्या मी नवऱ्याला म्हटलं. तो विजेचीच कामं करतो.

"अगं, बल्ब नऊ वॅटचा. विसरून चालू राहिला तरी बिलात कळणार नाही. वर सेन्सर स्वतः दिवसभर थोडी वीज खात बसणार. गोदामात, जिन्यात ठीक आहे. आपल्या एवढ्याशा पॅसेजला कशाला?"

"मग ताईंकडे कशाला?"

"दादाला बटण बंद करायचा कंटाळा, म्हणून."

"मला विजेसाठी नकोय."

"मग?"

माझा चेहरा बोलला असावा. रविवारी सकाळी त्याने मुकाट्याने शिडी काढली.

पिल्लाने हात हलवला. दिवा लागला! तो हसला आणि स्वयंपाकघराकडे कान देऊन थांबला. मी धावत आत गेले, तिथून ओरडले, "कोण रे तिकडे?" अगदी ताईंच्या सुरात.

"काकू?"

मी बाहेर आले, तर माझ्या मागे कोणी आहे का, ते तो वाकून बघत होता.

"काढ ते," मी म्हटलं.

"अगं, आत्ता तर स्क्रू आवळले!"

"तूच म्हणालास ना, काही फायदा नाही म्हणून?"

जुनं बटण परत बसलं. पिल्लाने हात हलवला. काही नाही. दोन्ही हात हलवले. बल्ब ढिम्म. त्याने बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले.

मी उचललं. त्याच्या इवल्या बोटाला जोर पुरेना, म्हणून वरून माझं बोट ठेवलं. लागला. विझला. लागला. हसताना त्याचा लाळेने ओला गाल माझ्या मानेला घासत होता.

"बटण जाईल अशाने," शिडीवरून आवाज आला.

"जाऊ दे."

सोमवारी तो पुन्हा ताईंच्या दिव्याखाली बसला होता. हात हलवत होता, एकटाच. मी चपला काढल्या.

"चहा?" ताईंनी विचारलं.

"घेते की. आणि ताई, तुमचा सेन्सर फार छान आहे हो. काढू नका हं कधी."