मामाने घासलेल्या टाक्या

आमचा मेव्हणा पाण्याच्या टाक्या धुतो. शेवाळाशी त्याचं जन्माचं वैर. आणि आमची पोरगी गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये टाक्या भरून शेवाळ पाळते. ते वाळवायचं, पिळायचं, तेल काढायचं आणि त्यावर इंजिन चालवायचं. मी मेकॅनिक माणूस, खूप हसलो. मग तिने वाटीभर तेल ओतलं आणि माझं डिझेल इंजिन खाकरत चालू झालं. माझं हसणं तिथंच बंद.

निवडून निवडून तिने सगळ्यात तेलकट शेवाळ वाढवलेलं. तसलं दुसरीकडे कुठंच नाही. आपल्या गाड्या त्या तेलावर चालवाव्यात म्हणून बसवाले ते बघायला येणार होते.

त्यात मेव्हणा पाहुणा आला. त्याला म्हटलं, "जरा पड," आणि आम्ही बापलेक सामान आणायला गेलो. परत आलो तर हा शेडच्या दारात अनवाणी, गुडघ्यापर्यंत ओला.

"ये गं भाचे. मामाकडून भेट."

टाक्या आरशासारख्या. त्यात माझं तोंड दिसत होतं, आणि ते बघवत नव्हतं. पोरगी फळीकडे वळली. शेवाळाचं बियाणं ठेवलेल्या बाटल्या उपड्या वाळत होत्या.

"त्यापण घासल्या," मेव्हणा म्हणाला. "एवढी शिकलेली तू, आणि ही घाण?"

"मामा, ते माझं शेवाळ होतं."

"तेच म्हणतोय मी."

मी त्याला खाली बसवून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक. एवढ्या बाप्याने हातातला ब्रश पाठीमागे लपवला.

"पाणी कुठंय?" पोरीने विचारलं.

"गटारात."

"ब्लीचिंग पावडर?"

"टाकली. घरचं काम म्हणून जास्तच."

 पोरगी नुसती त्याच्या पायांकडे बघत होती.

"मामा, तू अनवाणी का?"

"पावडरीने रबर चिरतं. आधी गमबूट काढतो, मग पावडर मारतो. कातडी परत येते, बूट विकत घ्यावे लागतात."

ती बाहेर धावली. काढून ठेवलेल्या बुटांच्या तळाशी पावडरीआधीचं बोटभर हिरवं पाणी होतं. तान्ह्याला पाजावं तसं तिने ते बाटलीत ओतलं. वास असा, की मी तोंड फिरवलं.

बसवाल्यांना थांबायला सांगितलं. मेव्हणा घरी गेलाच नाही. बाटलीसमोर स्टूल टाकून बसतो. त्याची बायको फोनवर विचारते, "आजारी कोण आहे?"

आज सकाळी त्याने मला हाक मारली. 

"दाजी, पाणी जास्त हिरवं दिसतंय का? का माझेच डोळे?"

मी बाटली उजेडात धरली. काल तिच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. आज दिसेना.

"वाढतंय रे."

त्याने कोपऱ्यातला ब्रश आणून माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "माझा ब्रश कुलपात ठेवा, दाजी."