सखाच्या पहारीचा सांधा

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. खरे सांगायचे तर पहारीचा वरचा तुकडा. बदलापूरजवळच्या एका वाडीत, सखाच्या अंगणात मला जमिनीत ठोकले आहे. माझ्या गळ्यात शेळीचे दावे आहे. शेळीला माझ्यापासून काही त्रास नाही. माणसांना झाला. तो का झाला, ते सांगते.

मी जन्माने पहार नाही. युद्धाच्या काळात कल्याणच्या पुढे लष्कराचा मोठा तळ होता. तिथल्या एका मालमोटारीच्या मागच्या चाकांना फिरवणारा आस म्हणजे मी. ओझे सोसावे, पीळ सोसावा आणि वाकू नये, यासाठी माझे पोलाद मुद्दाम कडक केलेले होते. युद्ध संपले, लष्कर गेले. त्याच बराकींत सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे राहू लागली. मोटारी भंगारात निघाल्या. कुळगावच्या लोहाराने मला आणले, भट्टीत लाल केले, ठोकून टोक काढले आणि पाणी दिले. तापलेले टोक पाण्यात बुडवून कडक करायचे, याला लोहार 'पाणी देणे' म्हणतात.

मग मी दगडखाणीत गेले, सखाच्या हातात.

सखा अंगाने बारीक होता, पण धोंड्याची फट कुठे आहे ते त्याला बघताक्षणी कळे. मला फटीत घालायचा, खाली एक दगड टेकू द्यायचा आणि वरच्या टोकावर सगळे वजन टाकायचा. चार गड्यांना न हलणारा धोंडा निमूट सरकायचा. त्याची बायको येसू खाली बसून खडी फोडायची. मुकादम बाळाजी सगळ्यांदेखत म्हणायचा, "सख्या, तुज्या पहारीचं लगीन लावून देऊ का रं? बायकोपरीस तिलाच जपतोस!" येसू खालूनच उत्तर द्यायची, "लावा की मुकादम, भाकरी पन तिलाच थापाया सांगा."

असे सहासात वर्षे चालले. छप्पन सालच्या उन्हाळ्यात एका काळ्या धोंड्याखाली माझे टोक हातभर तुटले. लोहार म्हणाला, "ठोकून नवं टोक काढतो, पण पहार आखूड होईल." आखूड पहारीने मोठा धोंडा उठत नाही. बाळाजीने ऐकले होते की उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये विजेने लोखंड जोडून देतात. सखाने माझे दोन्ही तुकडे खांद्यावर घेतले आणि तो व बाळाजी सकाळीच पायी निघाले.

कारखाना म्हणजे बराकीला लावलेली पत्र्याची पडवी. मालक हासाराम शेठ. जोडकाम करणारा महिपती मिस्त्री. त्याने आधी मला फिरत्या सहाणेला लावले. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. माझ्या ठिणग्या आखूड निघाल्या आणि फुलबाजीसारख्या फुटल्या. त्याने यंत्र बंद केले.

"हे मोटारीच्या आसाचं पोलाद आहे," तो म्हणाला. "साधी कांडी याला चालणार नाही."

कांडी म्हणजे जोडकामाची लेप लावलेली सळई. विजेच्या ठिणगीने ती वितळते आणि दोन तुकड्यांमध्ये भरली जाते. महिपतीने शेगडीजवळच्या डब्यातून तेलकागदात गुंडाळलेल्या सहा कांड्या काढल्या. लेपात ओलावा धरू नये म्हणून त्या तिथे ठेवलेल्या होत्या.

"ही स्टेनलेसची. हिचा सांधा नरम असतो."

बाळाजी हसला. "कडक लोखंडाला नरम कांडी? मिस्त्री, आमी डोंगरातलं हाय म्हनून काय बी सांगशील?"

"मुकादम, ऐका. वितळलेला धातू निवताना आकसतो. सांधा नरम असला तर तो ताण सोसतो. दोन्ही कडक असले तर कोणीच नमत नाही, मग चीर पडते. आधी तुकडे तापवायचे, मग जोडायचे, आणि चुन्याच्या भुकटीत पुरून उद्यापर्यंत निवू द्यायचे."

"उद्या? तिकडं सुरुंग उडवून दगड पडलाय. आन् ती कंची कांडी?"

कोपऱ्यात दुसऱ्या कांड्या होत्या. झिजलेल्या अवजारांवर थर चढवायला त्या वापरतात. थर काचेसारखा कडक होतो आणि काचेसारखाच तडकतो. तुटलेले जोडायला त्या नाहीत, हे महिपती पुरते जाणून होता. त्याने फक्त त्यांचे नाव सांगितले, "ती सगळ्यात कडक."

"मग तीच लाव."

महिपतीने शेठकडे पाहिले. हासाराम शेठने चहाची बशी खाली ठेवली. "अरे, गिराईक जो मांगता है वो दे दे नी. तेरे को मास्तरी करने को रखा है क्या?"

महिपतीने तेलकागद पुन्हा गुंडाळला आणि कोपऱ्यातली कांडी उचलली.

सखा दाराशी उकिडवा बसला होता. त्याला कोणी काही विचारले नव्हते. जोडकाम संपले, सांधा अजून लाल होता, तेव्हा तो उठून जवळ आला. "मिस्त्री," तो म्हणाला, "धरंल ना?"

महिपतीने मान खाली घातली. "धरेल."

चुन्यात पुरायलाही कोणी थांबले नाही. बाळाजीने चिमट्याने मला उचलले आणि दाराजवळच्या पिंपात बुडवले. "पान्याबिगर पहार कसली?" तो अभिमानाने म्हणाला. गावात त्याने आजवर असेच पाहिले होते, आणि जोडलेला सांधा वेगळा असतो हे त्याला ठाऊक नव्हते. महिपतीला होते. तो पिंपापासून चार पावलांवर उभा होता. पाणी चरचरले, आणि सांध्याच्या कडेला, माझ्याच अंगात, केसाएवढी चीर गेली. बाहेरून काही दिसत नव्हते. मला कळत होते. लोखंडाला तोंड नसते.

चौथ्या दिवशी सखाने मला एका धोंड्याखाली घातले आणि सगळे वजन टाकले. मी तुटले. उठलेला धोंडा परत बसला, सखाच्या उजव्या पायावर. घोट्याच्या वर पाय कापावा लागला.

मग सगळे बोलू लागले. बाळाजी म्हणाला, मिस्त्रीने खोटे काम केले. हासाराम शेठ म्हणाले, हमने बराबर लगाया, उसने पानी में डाला. खाणमालकाने अपघात म्हणून कागद केला आणि विषय मिटवला. सखाच्या जागी आता दुसरा गडी आहे, दुसरी पहार आहे. येसू सकाळी एकटी खाणीवर जाते.

महिनाभराने महिपती अंगणात आला. टोपी काढून उभा राहिला.

"ती कांडी चालणार नव्हती," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

सखा म्हणाला, "मी इचारलं तवा तू खाली बघितलंस. मला वाटलं, त्या ठिणगीच्या उजेडानं डोळं दुखत असतील तुजं."

येसू दारातून बाहेर आली. "आता कशाला आलास सांगाया? पाय उगवनार हाय का त्येचा?"

महिपती टोपी हातातच घेऊन गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी विनवतात की आम्हाला पुसा, तेल लावा, टाकून देऊ नका. माझी तशी विनंती नाही. मी गंजते आहे, ते ठीक आहे. बाळाजीचा मला राग येतो, पण त्याला कळत नव्हते. महिपतीला कळत होते, म्हणून त्याचा राग जास्त येतो. तुमच्यातले काही जण पुढे शास्त्र शिकतील. कोणते पोलाद कशाने जोडावे, ते तुम्हाला पुस्तकातून समजेल. तेव्हा एखादा माणूस, ज्याला त्या वस्तूवर आपले वजन टाकायचे आहे, तो तुम्हाला विचारेल की हे धरेल का. त्याच्याकडे बघून खरे ते सांगा. मालक रागावला तरी सांगा.

महिपतीने 'नाही धरणार' एवढेच म्हणायचे होते. सखा मला पुन्हा खांद्यावर टाकून आला तसाच चालत परत गेला असता, दोन्ही पायांनी.