काचेच्या कोपऱ्यातली पाठ

दूध संघाची नवी इमारत बांधायला काढली, तेव्हा अध्यक्ष सुंदररावांनी एकच हट्ट धरला. आपल्या दालनाच्या कोपऱ्यात खांब नको, भिंत नको. दोन्ही बाजूंनी नुसती काच यावी आणि काचेला काच भिडावी. औरंगाबादच्या इंजिनियरनं तसा नकाशा काढून दिला. वडवणीचा सटवा गवंडी मात्र आठवडाभर कुरकुरत होता. बिनखांबाचा कोपरा त्यानं उभ्या जन्मात बांधला नव्हता. शेवटी छताला जाड तुळई बाहेर काढली, खाली काचा बसल्या, आणि उद्घाटनाच्या भाषणात सुंदरराव म्हणाले की, दूध घालणाऱ्या सभासदाला आपला अध्यक्ष आवारातूनच दिसला पाहिजे.

अध्यक्ष दिसू लागले. पहिलं वर्ष बरं गेलं. लोक खालून हात करायचे, साहेब वरून हात करायचे. मग एक पावसाळा कोरडा गेला, पुढचाही गेला. दूध आटलं, संघानं जनावरांसाठी छावणी उघडली. आता आवारातले हात काहीतरी मागायला वर होत, आणि नजरेला नजर भिडली की सुटका नसे. पडदा लावावा, तर ते भाषण सगळ्यांच्या लक्षात होतं. सुंदररावांनी खुर्ची फिरवून घेतली. तेव्हापासून आवाराला त्यांची पाठ दिसायची.

उत्तरेश्वर संघाचा शिपाई, बावीस वर्षांचा जुना. एकदा साहेब मुंबईला गेले असताना रिकामी खुर्ची बघून लोक थेट जिना चढून आले आणि दार ठोठावत बसले. दुसऱ्या दिवशी दालन झाडून झाल्यावर, पाय दुखतात म्हणून उत्तरेश्वर त्या खुर्चीत जरा टेकला. अंगात पांढरे कपडे, डोक्याला टोपी. खाली गलका चालला होता, तो थांबला. साहेब कामात आहेत, उरकलं की बोलावतील, असं म्हणत माणसं लिंबाच्या सावलीला गेली. वॉचमन हरिबानं हे साहेबांच्या कानावर घातलं. उत्तरेश्वरला वाटलं, गेली आपली नोकरी. पण साहेब पोटभर हसले आणि स्वतःचं जुनं जाकीट त्याला देऊन म्हणाले, मी नसेन तेव्हा बसत जा. फक्त मागं वळू नकोस.

त्यात अवघड काही नव्हतं. समोरच्या भिंतीवर संघाच्या संस्थापकांचा मोठा फोटो होता. त्याच्या काचेत मागचं सगळं आवार दिसायचं, लहानसं, डाव्याचं उजवं झालेलं. टँकर, गुरं, उकिडवी बसलेली माणसं. सुरुवातीला उत्तरेश्वरला त्या माणसांची लाज वाटायची. पुढं तीही फोटोतलीच वाटू लागली.

मार्चमध्ये त्याची धाकटी बहीण भिवराबाई अडचणीत आली. नवरा ट्रॅक्टरच्या टोळीबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला, घरी बैलजोडी आणि तिच्यापुढं टाकायला काडी नाही. छावणीत नवी जनावरं शनिवारी पाचपर्यंतच घेणार होते, आणि चिठ्ठीवर अध्यक्षांचीच सही लागत होती. गुरुवारी चहा ठेवता ठेवता उत्तरेश्वरनं विषय काढला. साहेब म्हणाले, शनिवारी बोलाव तिला, करून टाकू. त्यानं निरोप धाडला. शुक्रवारी दुपारी साहेब मुंबईला निघून गेले. सोमवारी येणार होते.

साहेब नाहीत हे कुणाला सांगायचं नाही, घरातसुद्धा नाही, असा हुकूम होता. उत्तरेश्वरनं बायकोलाही सांगितलं नाही. शनिवारी दहा वाजता जाकीट चढवून तो खुर्चीत बसला.

अकराच्या सुमाराला फोटोच्या काचेत भिवराबाई आली. दोन्ही बैलांचे कासरे एका हातात, दुसऱ्या हातात अर्जाचा कागद. रात्रभर चालली असावी. तिनं बैल लिंबाला बांधले, वर पाहिलं आणि बायकांच्यात जाऊन बसली.

थोड्या वेळानं हरिबा चहा घेऊन आला. टेबलाशी वाकून, खालून दिसेल असा अदबीनं उभा राहिला.

"तुजी बहीण आलीया. सायेब हायेत का इचारत होती. म्हनलं, ते काय, दिसतेत की."

"तिला दुसऱ्या छावनीवर जा म्हन," उत्तरेश्वर पुटपुटला. दुसरी छावणी तालुक्याच्या त्या टोकाला होती; मुदत तिथंही पाचचीच, पण अध्यक्षांची सही लागत नव्हती. आत्ता निघाली असती तर पाचपर्यंत पोचली असती.

"का म्हनून इचारलं तर काय सांगू? सायेब न्हाईत म्हनू? जिना चढून येतेल समदे. मग तू बी गेलास अन् मी बी." हरिबानं कप उचलला. "हलू नको बे लई. अध्यक्षाची पाठ खाजत न्हाई."

उत्तरेश्वर हलला नाही. बारा वाजले, एक वाजला. आता निघून काही उपयोग नाही, हे त्याला कळलं, आणि कळल्यावर जरा हलकंच वाटलं. त्यानं टेबलावरचे कागद इकडचे तिकडे केले.

तीनच्या पुढं भिवराबाई उठली. काचेच्या कोपऱ्याच्या अगदी खाली आली असावी, कारण फोटोत दिसेनाशी झाली. तिथं ती किती वेळ उभी होती, कोण जाणे. त्यानं मान वळवली असती तर ती दहा हातांवर होती. मग ती परत फोटोत आली. चालत लिंबाकडं गेली. बाकीचे लोक तसेच बसून होते. तिनं बैल सोडले आणि कुणाशी काही न बोलता फाटकाबाहेर पडली.

संध्याकाळी तो घरी गेला तर ती चुलीपाशी बसून त्याच्या बायकोला, मंजुळाबाईला, भाकरी थापू लागत होती. दारात बैल नव्हते. मंजुळाबाईनं सांगितलं, वडवणीच्या रस्त्यावर एक व्यापारी भेटला, त्याला वन्सं बैल देऊन आल्या.

तो हातपाय धुऊन पाटावर बसला. मंजुळाबाई पाणी आणायला बाहेर गेली, तेव्हा भिवराबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "पाठ कुनाची ते म्या तिथं कुनाला बोलले न्हाई, दादा."

त्यानं मान हलवली. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं विचारलं, "दोन्ही बैल एकाच गाडीत घातले का?"

"एकाच."

"बरं झालं," तो म्हणाला. तिनं भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि दुसरी थापायला घेतली.