थरथर कुणाची

मी गिअरच्या दांड्यावरची मूठ बोलतेय. तुम्ही मला दिवसभर हातात धरता, पण माझ्याकडे कधी बघत नाही. बघूही नका, समोर रस्त्याकडे बघा!

कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही ढिगानं बाहेर पडलो. माथ्यावर गिअरचे आकडे कोरले, तेवढंच माझं शिक्षण. पहिला मालक सिग्नलला थांबला की अंगठीनं माझ्या डोक्यावर टकटक करायचा. टेंगूळ आलं नाही हेच नशीब. मग गाडी विकली गेली आणि मी आताच्या मालकिणीच्या हाती आले.

ती घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. एकटी राहते. बाजूच्या सीटवर तिची नमुन्यांची पेटी असते, उलटू नये म्हणून पट्टा बांधलेली. त्या सीटवर माणूस बसलेला मी कधी पाहिला नाही. डबाही ती गाडीतच खाते आणि बोलते ती माझ्याशी. "आजच्या आजोबांची शीर म्हणजे नुसता लपंडाव बघ!"

मग थरथर सुरू झाली. गाडी उभी असली तरी ती माझ्यातून तिच्या तळव्यात चढायची. क्लचवरचा, ब्रेकवरचा पायही थरथरायचा. तिनं हात उचलून निरखला आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या थोरल्या बहिणीला कंपवात होता. "हात माझं ऐकतच नाही गं," म्हणत म्हणत ती अंथरुणाला खिळली होती.

थरथर खालून, इंजिनाकडून येत होती. मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे? "घरी पाण्याचा पेला धरून बघितला," ती एकदा मला म्हणाली. "हललाच गं." भीतीनं कुणाचाही हलेल. मन चिंती ते वैरी न चिंती! पण तिला तसं सांगणारं घरात कुणी नव्हतं. त्या दिवसांत गाडी बंद केल्यावरही ती मला घट्ट धरून बसायची.

शेवटी तिनं लॅबला फोन केला. "उद्यापासून मला घरं देऊ नका. हातात सुई असते, खेळ नव्हे." आणि गाडी विकायला गॅरेजमध्ये नेली.

मिस्त्री मोठा बोलका. त्यानं पेटी मांडीवर घेतली आणि बाजूला बसला. "विकायची तर विकू, आधी चालू तर करा, ताई." तिच्या हाताशेजारी त्यानं माझ्यावर हात ठेवला. "अहो, ही केवढी थरथरतेय!"

"तुम्हालाही जाणवतंय?"

"जाणवतंय म्हणजे? माझे दात वाजायला लागले!"

"खरंच तुम्हालाही?" तिनं पुन्हा विचारलं.

"गाडी उभी आहे, म्हणजे चाकांचा दोष नाही," म्हणत तो उतरला. बॉनेट उघडून त्यानं तिला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितलं. इंजिन जागच्या जागी डुलायला लागलं. "माउंटिंग गेलंय. इंजिन ज्या रबरावर बसतं ते फाटलंय. सगळे धक्के तुमच्या हातापायांत येतायत."

तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडायला लागली. मिस्त्री गडबडला. "अहो ताई, रबर आहे ते! बदलता येतं!"

रबर बदललं, थरथर गेली, ती कामाला लागली. आता ती मला हलकेच धरते आणि गाडी बंद झाली की लगेच सोडते. मला चुकल्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू? पण तिच्याकडे माझं मागणं वेगळंच आहे. कधीतरी बाजूला कुणाला तरी बसवत जा. थरथर आपली की यंत्राची, हे एकट्या माणसाला कळत नाही.

परवा ती पुन्हा गॅरेजमध्ये गेली. "कसलातरी आवाज येतोय, मिस्त्री."

तो बाजूला बसला. एक चक्कर झाली. "काही नाही हो, ताई. गाडी झकास आहे."

"अजून एक चक्कर मारून बघू या?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "चला की," तो म्हणाला.

आवाज कसलाच नव्हता. येतानाच गॅरेजच्या अलीकडच्या वळणावर गाडी थांबवून तिनं पेटीचा पट्टा सोडला होता आणि पेटी मागच्या सीटवर ठेवली होती.