साठ चौकोन

टेबलावर साठ चौकोन होते, सहा-सहाच्या दहा रांगांत मांडलेले. त्यांतल्या चारांवर मोहरीएवढे तांबूस ठिपके होते. डबीत टाचण्या चाळीस असायला हव्या होत्या. आश्लेषाने त्या पांढऱ्या बशीत ओतल्या आणि बोटाने एकेक सरकवत मोजल्या. अडतीस भरल्या. पुन्हा मोजल्या, अडतीसच.

“आई, पाय खाली टाकू नकोस.”

“मग काय उडत जाऊ?” सत्यवतीने पाय खुर्चीवर घेतले. “बस मोजत. कॉफी निवतेय.”

एक टाचणी चौथ्या रांगेतल्या दुमडीत सापडली. दुसरीसाठी आश्लेषाने मोबाइलचा दिवा फरशीलगत आडवा धरला, चटई झटकली, शिलाई मशीनखालचा चिंध्यांचा ढीग उपसला. टाचणी कुठेच नव्हती. मग सत्यवतीने कॉफीचा पेला घ्यायला डावा हात पुढे केला आणि ती दिसली. अंगठ्याच्या पेरात, निळ्या डोक्यापर्यंत रुतलेली.

“हात तसाच ठेव.”

सत्यवतीने अंगठ्याकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाच्या अंगठ्याकडे पाहावं तसं. आश्लेषाने टाचणी उपटली तेव्हाही तिच्या कपाळाला आठी पडली नाही. रक्ताचा थेंब जरा उशिराच वर आला.

“दुखत नाही?”

“दुखलं असतं तर मीच काढली नसती?”

सोफ्यावर बसलेल्या वादिराजने फोन उपडा ठेवला. तो आश्लेषाचा थोरला भाऊ, शहराच्या दुसऱ्या टोकाला हेब्बाळला राहायचा, आणि आईच्या रक्ततपासणीचे आकडे त्याला तोंडपाठ असत. मधुमेहाने आधी तिच्या पायांची जाणीव गेली होती, मग बोटांची.

“बस झालं आता,” तो म्हणाला. “ही टाचणी माझ्या बाळाच्या पाठीखाली निघाली असती तर?”

“अजून बाळ पोटात आहे, टाचणी माझ्या बोटात. तुझ्या पाठीला कुठं काही टोचलंय?”

“आई, मी थट्टा करत नाहीये.”

अनुषाला, त्याच्या बायकोला, आठवा महिना लागला होता. या घरात जन्मलेलं मूल इस्पितळातून आलं की पहिल्यांदा आजीच्या हातच्या गोधडीत ठेवायचं, अशी रीत होती. मधल्या थराला घरातलंच मऊ झालेलं लुगडं. वादिराजला तसंच ठेवलं होतं, आश्लेषालाही. पण वादिराजच्या मनात आता दुसरं चाललं होतं. त्याच्या घराजवळ, तळ्याच्या बाजूला, वृद्धांसाठी खोल्या होत्या. नर्स, वेळेवर जेवण, रात्री बोलवायला घंटा. त्याने एक खोली महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती.

“गोधडी मी पुरी केली तर?” सत्यवती म्हणाली.

“तर काय?”

“तर त्या हातांनी भातही शिजतो. मी इथं बसवनगुडीतच राहणार. तुझी तळ्याकाठची खोली तू घे.”

वादिराजने बहिणीकडे पाहिलं. “आश्ले, हिच्या बोलण्यावर मी जाणार नाही. तू बघ. नीट झालंय असं तू म्हणालीस, तर सरी, चालेल.”

“टाचण्या मात्र नकोत,” आश्लेषा म्हणाली. “मी दुसरं काहीतरी शोधते.”

आश्लेषाची नोकरी हेब्बाळच्याच एका प्रयोगशाळेत होती आणि ती राहायचीही तिकडेच. औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं किती ओढ दिली की सुटतात, हे मोजणं तिचं काम. कापडाला मात्र तिने कधी डिंक लावला नव्हता. आठवडाभर ती व्हिडिओ पाहत राहिली. परदेशातल्या बायका टाचणी आणि कच्चा टाका दोन्ही टाळून, शाळेतली मुलं वापरतात तसल्या पांढऱ्या डिंकाने तुकडे जोडत होत्या. शिवणीसाठी सोडलेल्या पाव इंचात डिंकाची रेघ मारायची, दुसरा तुकडा वर ठेवायचा, कोरडी इस्त्री फिरवायची, मग शिवायचं. कडेचा गोटही तसाच, आधी चिकटवून.

पहिला प्रयत्न फसला. रेघ जाड झाली, कापड पापडासारखं कडक झालं आणि सुईवर डिंकाची पुटं चढली. तिने बाटलीच्या तोंडाला बारीक नळी बसवली. वाफेच्या इस्त्रीने जोड सरकतो, हेही कळलं. जमलेल्या एका जोडाला तिने किलोभर डाळीची पिशवी टांगून ठेवली. जोड हलला नाही. मग तोच तुकडा कोमट पाण्यात टाकला. वीस मिनिटांत दोन्ही बाजू अलगद वेगळ्या झाल्या. म्हणजे शिवण पडेपर्यंत डिंकाने धरून ठेवायचं आणि पहिल्या धुण्यात निघून जायचं. बाळाच्या अंगाला लागायचं कापड धुतल्याखेरीज वापरायचंच नव्हतं.

रविवारी तिने सगळं सामान आईपुढे मांडलं.

“अंटु लावून कौदी?” सत्यवतीने बाटली उलटीसुलटी करून पाहिली. तिच्या हुबळीकडच्या सासूमुळे डिंकाला अंटु आणि गोधडीला कौदी हे शब्द घरात रुळले होते. “सासूबाई असत्या तर मला कानडीतून शिव्या बसल्या असत्या. हे शिवणं की पाकिटं चिकटवणं?”

“डिंक राहत नाही आई. नुसता थांबतो.”

“पाहुण्यासारखा.”

“तसंच.”

आश्लेषाने डाग पडलेले चार चौकोन बदलून नवे कापले होते. त्यांतले दोन तिने आईसमोर चिकटवले, इस्त्री केली, मशीनमध्ये दोरा ओवून शिवून दाखवले. शिवण संपल्यावर लहान कात्रीने दोरा सुईला अगदी लागून कापला, कापडावर लोंबतं टोक राहू नये म्हणून. सत्यवतीने सुईकडे पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं, मग पुढचे दोन चौकोन ओढून घेतले.

बाटली दाबायला बोटांच्या टोकांची गरज नव्हती. तळहाताने दाबलं तरी चालत होतं. पहिल्या दोन रेघा वाकड्या गेल्या, तिसरी सरळ आली. दुपारपर्यंत एक अख्खी रांग चिकटवून झाली. सत्यवतीने ती हातात उभी धरली. कोपऱ्याला कोपरा असा जुळला होता की तिने चष्मा वर करून पुन्हा पाहिलं.

“टाचण्यांनी असं कधी आलं नव्हतं,” ती म्हणाली.

“मशीन ओवलेलं आहे. रोज थोडं शिव. अडलं तर फोन कर.”

“अडायला काय झालंय. पन्नास वर्षं शिवतेय.”

त्यानंतर आश्लेषा रोज संध्याकाळी फोन करी आणि बहुतेक वेळा मागे मशीनचा आवाज असे. वादिराजच्या फोनवर तर सत्यवती बोलण्याऐवजी फोन मशीनपाशीच धरी. “ऐक,” म्हणे, “तुझ्या लेकीची की लेकाची गोधडी, चाललीय.” पुढच्या रविवारी खाली भाड्याने राहणारी नागपूरची संध्या जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, “आजींचा स्टॅमिना भारी आहे हं. दुपारभर मशीन चालू असतं. माझ्या मीटिंगमध्येसुद्धा ऐकू येतं.”

आश्लेषा वर आली तेव्हा दहाही रांगा एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि खाली लुगडं आणि अस्तरही लावून झालं होतं.

“अस्तराला थांबायचं होतं ना माझ्यासाठी?”

“तुझी बस सिल्क बोर्डच्या चौकात अडकली असती तर?”

“हेब्बाळहून येताना सिल्क बोर्ड लागत नाही, आई.”

“कुठंतरी अडकतेसच तू.”

आश्लेषाने वरून हात फिरवला. रांगा सपाट होत्या, जोड पक्के. त्या दिवशी दोघींनी गोट बसवला. पांढरी पट्टी कडेवर दुमडायची, मागे डिंकाची रेघ, कोपऱ्यावर घडी, वरून इस्त्री. चारही कोपरे टोकदार आले. शिवण तेवढी मारायची राहिली. ती उद्या मारते, असं सत्यवती म्हणाली.

आठवड्याने वादिराज आला. गोधडी सोफ्यावर पसरून ठेवली होती. त्याने तिचे कोपरे पाहिले, दोन्ही मुठींत धरून ओढून पाहिलं, गालाला लावली.

“कडक आहे.”

“धुतली की मऊ होईल,” आश्लेषा म्हणाली. “डिंक आहे अजून.”

“तू बघितलंस ना सगळं?”

“बघितलं.”

तो थोडा वेळ गोधडीवर हात ठेवून बसला. मग उठून गॅलरीत गेला आणि फोनवर त्याने खोली नको म्हणून सांगितलं. आत आला तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला होता.

“सरी. राहा तू इथंच.”

सत्यवतीने मान हलवली. उजव्या हाताने तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. डावा हात पदराखाली होता.

वादिराज गेल्यावर आश्लेषाने बादलीत कोमट पाणी काढलं आणि गोधडी उचलली. न्हाणीघराच्या वाटेवर खिडकी होती. दुपारचं ऊन सरळ आत येत होतं. गोटाची कड उन्हाच्या आड आली आणि तिच्यावर एक सरळ, बारीक, ठिपक्यांची ओळ उजळली. प्रत्येक ठिपक्यातून उजेड येत होता.

ती थांबली. कड डोळ्यांजवळ नेली. डिंकाने ताठ झालेल्या कापडात सुईची भोकं जशीच्या तशी राहिली होती, सारख्या अंतरावर, कोपऱ्यात नीट वळलेली. नखाने तिने एक भोक खरवडलं. दोरा नव्हता. उलट बाजूलाही नव्हता. आतल्या रांगांवरून गेलेल्या शिवणीही तिने पाहिल्या, एक, दुसरी, पाचवी. सगळीकडे भोकं.

ती मशीनपाशी गेली. रीळ जागेवर होतं. त्यावरून निघालेला दोरा दोन आकड्यांतून येऊन सुईपर्यंत न पोचता लोंबत होता. खालची बॉबिन भरलेली होती.

“तू दोरा फार जवळ कापलास,” मागून सत्यवती म्हणाली. “शेपूट ठेवावी लागते. मी सोमवारी पाय दाबला आणि पहिल्याच टाक्याला सुईच्या नेढ्यातून सुटला.”

“मग मला फोन का नाही केलास?”

“काय सांगू? सुई ओवायला ये?”

आश्लेषाने लोंबणारा दोरा चिमटीत धरला.

“दोन दिवस ओवत होते. दोरा बोटांत आहे की नाही तेच समजत नाही. डोळ्यांना दिसतो, बोटांना नाही.” सत्यवती खुर्चीत बसली. “मग म्हटलं, चालू तर द्यावं. आवाज तोच येतो.”

“मी आत्ता शिवते,” आश्लेषा म्हणाली. तिने गोधडी मशीनवर ठेवलीसुद्धा. “याच भोकांवरून. संध्याकाळपर्यंत होईल. वादिराजअण्णाला कळणार नाही.”

“आणि उद्या गॅसपाशी तू उभी राहणार?”

“आई, सुई ओवणं वेगळं आणि…”

सत्यवतीने पदर बाजूला केला आणि डावा हात टेबलावर उताणा ठेवला. करंगळीपासून मनगटापर्यंत कातडी पांढरी फुगली होती, कडेला तपकिरी, एका जागी फाटलेली.

“परवा काहीतरी जळल्याचा वास आला,” ती म्हणाली. “मी तव्यावर बघत होते. तव्यावर काही नव्हतं.”

आश्लेषाने तो हात दोन्ही हातांत घेतला. आधी उजेडाकडे वळवून पाहिला, मग नुसताच धरून ठेवला. सत्यवतीचा हात स्थिर होता.

“मला आधी का…”

“त्याच्या तोंडून ‘राहा’ ऐकायचं होतं. ऐकलं.” सत्यवतीने हात सोडवून घेतला. “औषध लाव मग. आधी त्याला फोन कर. खोली अजून कुणी घेतली नसेल.”

“तू सांग त्याला.”

“मी सांगितलं तर तो भांडेल. तू सांगितलंस तर मानेल. तसंच ठरलंय ना?”

ती उठली. मशीनवरची गोधडी तिने उजव्या हाताने काखेत मारली आणि न्हाणीघरात गेली. आश्लेषा मागोमाग गेली आणि आईचा हात पाण्यात जाण्याआधी तिने स्वतःचं कोपर बादलीत बुडवून पाहिलं. पाणी कोमटच होतं. सत्यवतीने गोधडी एका बाजूने सोडली, पूर्ण बुडेपर्यंत दाबून धरली, मग स्टुलावर बसली.

गॅलरीतून वादिराजला फोन झाला. तो फार वेळ चालला नाही. आश्लेषा मलम घेऊन परत आली, फरशीवर बसली आणि तिने हाताला पट्टी बांधली. बादलीतलं पाणी हळूहळू दुधाळ होत गेलं. गोट आधी एका कोपऱ्यातून सुटला, मग चारी बाजूंनी. अस्तर तळाला गेलं. लुगडं पसरलं आणि त्याच्यावरून चौकोन एकेक करून सरकू लागले.

“मोज,” सत्यवती म्हणाली. “तुला मोजल्याशिवाय पटत नाही.”

आश्लेषाने ते एकेक उचलले, पिळले आणि फरशीवर रांगांत मांडले, सहा-सहाच्या. शेवटी बादलीत पाणी, गोट, अस्तर आणि लुगडं राहिलं.

सुटे चौकोन अठ्ठावन्न भरले. दोन जोडलेले होते.