रुमालाखालचा भाव

"पंधरा रुपये," बसप्पा म्हणाला आणि चिमट्यात धरलेला स्पीकर त्यानं उजेडात नेला. "एवढाच मेलाय. बाकी फोन ठणठणीत हाय."

गल्ल्यावर बसलेल्या मल्लम्मानं कपाळाला हात लावला. युसूफ वडगाव या गावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकून पंधरा वर्षं झाली, तरी नवऱ्याची खोड गेली नव्हती. गिऱ्हाइकानं विचारायच्या आत हा माणूस वस्तूची खरेदी सांगून मोकळा व्हायचा. मागच्या आठवड्यात सत्तर हजारांचा फोन मिरवत आलेल्या सुंदररावांना त्यानं आतला माल कितीचा ते इतक्या मायेनं समजावलं, की त्यांना बसवून पाणी पाजावं लागलं. समोरच्या दुकानात एसी होता. तिथं हाच पंधराचा स्पीकर चारशेला बसायचा आणि गिऱ्हाईक गार होऊन बाहेर पडायचं.

"पंधरा?" समोर बसलेल्या मुंजाजीचा चेहरा उतरला. "आप्पा, चेष्टा करू नका. ह्या डबड्यावर माझी बेचाळीस शेरडं चालत्यात."

शेजारी त्याची बायको साखराबाई बसली होती. गळ्याभोवती पदर घट्ट. पोरसोरांपासून पाहुण्यांपर्यंत कुणालाही बोलू न देणारी ही बाई आत आल्यापासून गप्प होती.

"घशाचं आपरेशन झालं पोळ्याच्या टायमाला," मुंजाजी म्हणाला. "गाठ गेली, संगट आवाज बी गेला. दवाखान्यात जायच्या आदल्या दिशी पुतनीनं, बबितानं, हिची हाळी ह्याच्यात भरून घेतलती. शेरडं तेवढीच वळखत्यात. मी हाका मारल्या तर अशी बघत्यात, जसा मी तलाठी हाय."

"मग आता?"

"आता काय! तीन दिस झालं, एकेकीला खांद्यावर घालून आनतोय. बेचाळीस खेपा."

"नवा घ्या की मामा," मल्लम्मानं संधी साधली. "बाराशेला हाय. त्यात भरून देतील हे."

"बबिताच्या फोनात भरून बगितला. सतरा हजाराचा हाय. लई साफ आवाज. एक बी आली न्हाई." मुंजाजीनं बायकोकडं बघितलं. "हिचा साफ कवा व्हता? ह्या डबड्यात कसा, घोगरा येतो. हिच्यावानी."

साखराबाईनं त्याला कोपर मारलं.

बसप्पानं हातातला नवा स्पीकर खाली ठेवला. हाही साफच वाजणार. मग मेलेल्या फोनांचा पत्र्याचा डबा त्यानं उपडा केला, तासभर उकरला आणि त्याच जातीच्या एका जुन्या फोनातून स्पीकर काढला. तो बसवला. कथलाचा डाग दिला.

"खात्री करा आप्पा. ढवळीला आनलंय."

खरंच, बाहेर विजेच्या खांबाला एक शेळी बांधली होती. मुंजाजीनं तिला सोडलं. ती लगेच समोरच्या एसीच्या दुकानाकडं निघाली. बसप्पानं बटण दाबलं.

"हुर्र्र... या गं माज्या बायांनो! कुटं उलथल्यात सटव्या!"

दुकान दणाणलं. ढवळी जागीच वळली, पायऱ्या चढली, काउंटरवर पुढचे पाय ठेवले आणि फोन चाटायला लागली. मुंजाजीनं टोपी काढून तोंड पुसलं, बराच वेळ.

"किती द्यायचं?"

"काई नका देऊ. भंगारातला हाय. फुकट."

साखराबाईचा चेहरा कडक झाला. तिनं नवऱ्याच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, स्वतःच्या हातावर टाकला आणि हात बसप्पापुढं केला.

जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो: रुमालाखाली, बोटांनी, चारचौघांना कळू न देता. पण त्या रुमालाखाली बाईचा हात बसप्पानं जन्मात पाहिला नव्हता. मुंजाजीनंही नसावा. तरी सवयीनं तो म्हणाला, "एक बोट शंभर," आणि रिवाजाप्रमाणं त्यानं तोंड फिरवलं.

बसप्पानं रुमालाखाली मूठ मिटून धरली. काही नाही. साखराबाईनं ती मूठ उघडली आणि त्याची चार बोटं धरली. त्यानं सोडवून घेतली, एक पुढं केलं. तिनं पुन्हा चार धरली, कडकडून. देणारी चढवत होती, घेणारा उतरवत होता. असा उलटा सौदा मराठवाड्याच्या कुठल्या बाजारात झाला नसेल. ती खरखरीत बोटं भांडत होती, दटावत होती. आवाज नव्हता एवढंच. स्पीकर कितीचा, डाग कितीचा, बॅटरी कितीची, सगळं बसप्पाला पाठ होतं. फुकट हा शब्द त्यानं तिच्या आवाजाला लावला होता, ते मात्र आत्ता त्याच्या ध्यानात आलं.

त्यानं हात सैल सोडला. सौदा झाला.

ती दोघं पायऱ्या उतरली. मल्लम्मानं गल्ला पुढं ओढला. "कितीला सुटलं?"

"रुमालाखालचं सांगत नसत्यात."

तिनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितलं. ताप नव्हता.

रस्त्यापलीकडं ढवळी भाजीवाल्याच्या मेथीत शिरली होती. साखराबाई थांबली. फोन तिनं गळ्याशी धरला, कमरेवर हात ठेवला, आधी तोंड उघडलं आणि मग बटण दाबलं.