मेंढराच्या पुढे पडणारा दगड

विजापूर रोडवरच्या गेमिंग कॅफेत दुपारी फारसे कुणी नसते. सोनम त्याच वेळेला यायची, कोपऱ्यातल्या मशीनवर गोळीबाराच्या खेळातला सरावाचा नकाशा लावायची आणि निशाण्यांवर गोळ्या झाडत बसायची.

पुण्याच्या स्पर्धेसाठी संघात पाच जण हवे होते. चार ठरले होते. पाचवी जागा सोनमला द्यायची की गुरुशांतला, हे रविवारी दोघांच्या सामन्यावर ठरेल, असे कप्तान अभिमन्यूने सांगून टाकले होते. अभिमन्यू टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघायचा आणि मोजके बोलायचा. सोनमला खेळ चांगला कळतो, समोरचा कुठून येणार हे तिला आधी कळते, पण गोळी लागत नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते.

सोनमला ते मान्य होते. सांगोला तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातून ती बीसीए करायला सोलापुरात मावशीकडे आली होती आणि हा खेळ इथेच शिकली होती. नेम सुधारावा म्हणून तिने माउसचा वेग कमी करून पाहिला, वाढवून पाहिला, मोठा पॅड आणला, खुर्चीची उंची बदलली. उभ्या निशाण्यावर तिची गोळी चुकत नसे. निशाणा चालू लागला की मात्र चुके.

शेवटी अभिमन्यूने तिच्या एका सामन्याचे रेकॉर्डिंग लावले आणि संथ गतीने चालवले. गुरुशांत आणि संघातली पोरेही मागे उभी राहून बघत होती. पडद्याच्या मधोमध नेम धरायची हिरवी फुली असते. समोरचा खेळाडू डावीकडे पळाला की सोनमची फुली त्याच्याही डावीकडे जायची आणि गोळी त्याच्या पुढच्या भिंतीवर बसायची. उजवीकडे पळाला तर उजवीकडच्या भिंतीवर. एकही गोळी मागे पडलेली नव्हती.

गुरुशांत अक्कलकोटकडचा. हाताने जलद, जिभेनेही. तो म्हणाला, "सोनम, तू ह्याला मारायलीस का वळवायलीस? मेंढरू हाय का ते?"

पोरे हसली. सोनम हसली नाही. तिने रेकॉर्डिंग मागे घ्यायला लावले आणि पुन्हा पाहिले.

"व्हय," ती म्हणाली. "मी वळवायलीय."

मग तिने सांगितले ते असे. कळप राखताना मेंढराला दगड कधी मारायचा नसतो. पिकाकडे निघालेल्या मेंढराच्या तोंडापुढे तो आडवा टाकायचा, म्हणजे ते बिचकून वळते. दगड जाऊन पडेपर्यंत मेंढरू किती पुढे जाईल तेही धरावे लागते. हे ती शाळेत जायच्या आधीपासून करत होती. चालती वस्तू दिसली की सोनमचा हात त्या वस्तूच्या पुढची जागा शोधायचा.

"हितं गोळीला जायला वेळच लागत नाही," अभिमन्यू म्हणाला. "दाबली की बसली. तो जिथं आहे तिथंच मारायचं."

त्या दिवसापासून त्याने तिला गोळी झाडूच दिली नाही. चालत्या निशाण्याच्या छातीवर फुली ठेवायची आणि त्याच्याबरोबर नुसते चालत राहायचे. हात पुढे धावला की परत आणायचा. हे कंटाळवाणे काम होते आणि सोनमने ते तक्रार न करता केले. मग हळू निशाण्यांवर गोळ्या सुरू झाल्या, मग जलद. आठवडा संपता संपता भिंतीवरचे डाग कमी झाले. पण हात खरेच बदलला की नुसता अभिमन्यूच्या धाकाने थांबतो आहे, हे तिला कळत नव्हते.

शनिवारी ती गावी गेली. तिचे वडील आप्पा माळावर होते. कळपातली एक मेंढी शेजाऱ्याच्या डाळिंबाच्या बागेकडे निघाली आणि आप्पांनी लांबूनच सोनमला हाक दिली. तिने दगड उचलून फेकला. तो मेंढीच्या कुशीवर बसला. मेंढी ओरडली आणि बिथरून थेट बागेत शिरली. तिच्या मागे आणखी चार-दोन गेल्या.

मेंढ्या बाहेर काढल्यावर आप्पांनी त्या मेंढीच्या लोकरीतून हात फिरवला. जखम नव्हती.

"मेंढराला लागला की गं," ते म्हणाले. रागावलेले नव्हते, नवल वाटले होते.

सोनमने खेळाचे सगळे सांगितले. आप्पांनी ऐकून घेतले आणि थोडा विचार केला.

"मग तितं उजव्यानं मार," ते म्हणाले, "आन् हितं डाव्यानं टाकत जा."

तिने डाव्या हाताने टाकून पाहिला. दगड तिच्याच पायाजवळ पडला आणि एकाही मेंढीने मान वर केली नाही. आप्पा बराच वेळ हसत होते.

परतीच्या एसटीत तिला वाईट वाटत होते. आपल्या हातचा दगड याआधी कधी मेंढीला लागल्याचे तिला आठवत नव्हते. पण आता हाताबद्दलची शंका उरली नव्हती.

रविवारी सामन्याआधी तिने गुरुशांतला मेंढीची गोष्ट सांगितली. तो खूश झाला, पण खेळताना त्याने सवलत दिली नाही. सुरुवातीला सोनमच्या गोळ्या पुन्हा पुढे पडू लागल्या आणि ती मागे राहिली. ती घाई करत होती. तिने खुर्ची पुढे ओढली आणि सरावातल्यासारखी फुली नुसती त्याच्याबरोबर चालवू लागली, छातीवर बसल्याशिवाय बोट दाबायचे नाही असे ठरवून. बरोबरी झाली. शेवटचा डाव उरला.

गुरुशांत गोदामातल्या दोन खोक्यांमधून पळत निघाला. पलीकडे भिंत होती. तो तिथे पोचणार हे सोनमला दिसत होते आणि हाताला तिकडे जायचे होते. तिने हात जाऊ दिला नाही. फुली गुरुशांतच्या छातीवर होती तेव्हाच बोट दाबले.

तो पडला.

अभिमन्यूने, सोनम पुण्याला येते आहे, एवढे सांगितले आणि गुरुशांतला राखीव म्हणून चल म्हटले. गुरुशांतने हेडफोन काढला. मग त्याने सोनमकडे मान वळवली.

"लागला की गं मेंढराला."

"ते मेंढरू वरडलं तरी होतं," सोनम म्हणाली, आणि या वेळी तीच आधी हसली.